फुकट शुगर मशीनचं शिबिर

परभणी जिल्ह्यातलं एक गाव, एप्रिल महिना. मारुतीच्या देवळासमोर मंडप, त्यावर ‘मोफत शुगर तपासणी’चा फ्लेक्स, आत पांढरा कोट घातलेली दोन पोरं. रांगेत बसलेल्यांना आधी केळी वाटली आणि मग बोटं टोचली. डाव इथेच होता. केळ सोललेल्या बोटाला फळातली साखर चिकटते. ती रक्ताच्या थेंबात मिसळली की ज्याला आयुष्यात कधी शुगर नव्हती त्याचाही आकडा अडीचशे-तीनशे येऊ शकतो. टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवला होता, पण तेवढ्याने फळाची साखर नीट निघत नाही. साबणाने हात धुऊन ते कोरडे करावेच लागतात.

घाबरलेल्या माणसापुढे मग ऑफर आली. मशीन फुकट, फक्त शंभर पट्ट्या घ्यायच्या, सोळाशे रुपये. सोबत ‘शुगर मुळापासून घालवणारी’ पावडर नऊशेला. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंद आहे. त्यामुळे फ्लेक्सवर पावडरीचं नावही नव्हतं, सगळं तोंडी.

गावातल्या साठीच्या एका शेतकऱ्याने दोन्ही घेतलं. त्यांना शुगर आधीपासून होती, गोळ्या चालू होत्या. घरी मशीन रोज नव्वद-शंभर दाखवू लागलं. पावडर लागू पडली असं समजून त्यांनी गोळ्या सोडल्या. महिनाभराने पायाची जखम भरेना म्हणून परभणीला गेले, तर लॅबमध्ये उपाशीपोटी ३१० निघाली. पावडरीने काही केलं नव्हतं आणि पट्ट्या खोटं बोलत होत्या.

खोटं का, ते समजून घ्या. पट्टीच्या टोकाला एन्झाइमचा पातळ थर असतो. तो रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करतो, त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि मशीन तोच मोजतं. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, तसं डबीवर छापलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. एन्झाइम मेलं की आकडा कमी येतो. उलट दमट हवा लागून थरातलं दुसरं रसायन बिघडलं तर आकडा वाढतो. म्हणजे बिघडलेली पट्टी कुठल्या बाजूला चुकेल ते बघून कळत नाही. मशीन प्रत्येक वेळी एरर दाखवेल याचीही खात्री नाही.

त्या शेतकऱ्याच्या खोक्यावर मुदतीच्या जागी नवा स्टिकर होता. नखाने उचकटल्यावर खाली जुनी तारीख निघाली. खोक्यावरचा लॉट नंबर आणि आतल्या डबीवरचा लॉट नंबरही जुळत नव्हता. घेताना हे दोन आकडे शेजारी धरून बघायला अर्धा मिनिट लागतो. डबीचं सील आधीच तुटलेलं असेल, छापील किंमत नसेल, किंवा बनवणाऱ्या अगर आयात करणाऱ्या कंपनीचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल, तर ती डबी परत द्या. एकदा उघडल्यावर पट्ट्या किती महिने चालतात तेही डबीवर असतं, साधारण तीन ते सहा. शंभर पट्ट्या एकदम गळ्यात मारण्यात मेख हीच आहे: आठवड्याला एकदा तपासणाऱ्याच्या अर्ध्याहून जास्त वाया जातात.

घरात आधीच असं मशीन असेल तर दोन तपासण्या करा. पहिली कंट्रोल सोल्युशनची, म्हणजे साखरेचं प्रमाण ठरलेल्या द्रावणाची. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलला चालणारं द्रावण मागवा. मेडिकलवाल्याकडे नसलं तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर मागा. त्याचा थेंब पट्टीला लावल्यावर येणारा आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसायला हवा. बाटली उघडल्यापासून बहुधा तीन महिनेच चालते, म्हणून वर तारीख लिहून ठेवा. दुसरी लॅबशी तुलना. उपाशीपोटी लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं की पाच-दहा मिनिटांत धुतलेल्या बोटावर आपलं मशीन लावा. लॅबचा आकडा २०० असेल तर मशीनवर १७० ते २३० चालेल. लॅबचा ८० असेल तर ६५ ते ९५. जेवणानंतर ही तुलना करू नका, कारण तेव्हा बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते.

आणखी एक चलाखी. परदेशातून चोरवाटेने आलेली काही मशीनं आपल्याकडच्या मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये आकडा देतात. पडद्यावर ९.८ दिसतं आणि विकणारा सांगतो, “काका, ही तुमची तीन महिन्यांची शुगर.” खरं तर ते त्या क्षणाचं मोजमाप आहे. १८ ने गुणा, १७६ येतात. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साध्या घरगुती शुगर मशीनवर निघतच नाही.

पुण्या-मुंबईला असलेली पोरं आई-वडिलांसाठी ऑनलाइन घड्याळ मागवतात, ‘सुई न टोचता शुगर’. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता की त्वचेला छेद न देता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. या घड्याळांच्या पाठीवरचा हिरवा दिवा नाडी मोजण्यासाठी असतो. काही घड्याळं आधी वय, वजन आणि मशीनवरचा एक आकडा भरून घेतात, मग त्याच्याच आसपास खाली-वर करत राहतात. घड्याळ काकडीला बांधून बघा, बऱ्याचदा काकडीचीही शुगर येते. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो, म्हणून तो खरंच मोजतो. फक्त त्याचं सील तुटलेलं नको आणि मुदत संपलेली नको.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वस्तातल्या सिरिंजच्या गठ्ठ्याकडे नीट बघावं. लाल टोपणाची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीसाठी, नारिंगी १०० साठी. “सगळ्या सारख्याच” म्हणत नारिंगी दिली आणि तुम्ही ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, म्हणजे पेनच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर ५० जातात. तेवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो.

फसलात तर पट्ट्या फेकू नका. डबी, खोका, उचकटलेला स्टिकर, पावडरीची पुडी, सगळं आहे तसं एका पिशवीत ठेवा आणि लॉट नंबरचे फोटो काढा. शिबिरवाले बिल देत नाहीत, म्हणून फोन-पेचा किंवा बँकेचा व्यवहार क्रमांक जपा. रोखीत दिले असतील तर फ्लेक्सचा फोटो आणि सोबत घेतलेल्या दोघा-तिघांची लेखी सही कामाला येते. औषधाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, १८००-२२२-३६५. पैशासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. बनावट वेबसाइटवर पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तेही त्याच दिवशी. सोडलेल्या गोळ्या मात्र मनाने पुन्हा सुरू करू नका. लॅबचा ताजा आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा.