११-३४ कॅसेट आणि ३२ मिलिमीटरचे टायर: जिरोनाच्या चढांवर नऊ महिने

पुण्यात असताना सिंहगड आणि बोपदेव मी ११-२८ कॅसेटवर चढत होते. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी कॉगचा संच. ११-२८ म्हणजे सर्वांत लहान कॉगला ११ दाते, सर्वांत मोठ्याला २८. गेल्या सप्टेंबरात कामानिमित्त स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालुन्यातल्या जिरोनाला राहायला आले आणि आल्या आल्या एक वापरलेली रोड सायकल घेतली. तेव्हा गिअरचा विचार फारसा केलाच नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम, डिस्क ब्रेक, शिमानो १०५ चे ११ स्पीडचे गिअर, पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांची दोन चाकं, मागे तीच ओळखीची ११-२८, वजन साडेनऊ किलोच्या आसपास. पहिल्या तीन आठवड्यांत दोन बदल केले. कॅसेट ११-३४ केली, आणि २५ मिलिमीटरचे टायर काढून ३२ चे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) बसवले. तेव्हापासून आज जूनअखेरपर्यंत ५,२०० किलोमीटर झाले आहेत. या बदलांवर झालेला खर्च मला सायकलच्या किमतीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो, तो का, ते सांगते.

कारण घडलं रोकाकोर्बाच्या चढावर. जिरोनाच्या उत्तरेला बान्योलेस नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्यावर १९९२ च्या ऑलिंपिकच्या नौकानयन स्पर्धा झाल्या होत्या. तळ्याच्या मागे जो डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावरच्या अँटेनांपर्यंत रस्ता जातो आणि तिथेच संपतो. मुख्य चढ सुमारे १० किलोमीटरचा. सरासरी साडेसहा-सात टक्क्यांची, पण या सरासरीवर विसंबू नये, कारण मधले कित्येक तुकडे १० टक्क्यांच्या वर जातात. ११-२८ वर मी चढले. पण वर पोहोचल्यावर लक्षात आलं, की तासाभरात मी पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता सोडून काहीही पाहिलेलं नाही. आजूबाजूला ओकचं जंगल होतं, खाली तळं होतं, आणि माझ्या डोक्यात फक्त गुडघे होते.

हिशोब सरळ आहे. ३२ च्या टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर जातं. तीव्र चढावर माझा वेग ताशी ९ किलोमीटर असतो. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असतील तर त्या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ५८ वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पेडल दाबून ढकलावं लागतं. मागे ३४ दाते आले की तोच वेग ७० फेऱ्यांत निघतो. वेग वाढत नाही, पण भार मांड्यांवरून श्वासावर जातो, आणि श्वास मिनिटभरात सावरतो तशा मांड्या सावरत नाहीत. नोव्हेंबरात पुन्हा रोकाकोर्बा चढले तेव्हा वेळ फक्त चार मिनिटांनी कमी लागला. पण या वेळी तळं दिसलं. झाडीतून तीनदा दिसतं ते.

आता बदल करताना काय लागतं ते. साखळी एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा माझा मागचा डिरेल्युअर आखूड पिंजऱ्याचा होता आणि तो ३० दात्यांपर्यंतच चालतो. त्यामुळे लांब पिंजऱ्याचा नवा घ्यावा लागला, साखळीही लांब घ्यावी लागली. मजुरी धरून १४० युरो गेले. शिमानोची ही ११ स्पीडची ११-३४ कॅसेट जुन्या १० स्पीडच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सरळ बसते. ११ स्पीडच्या रोड हबवर मात्र मागे १.८५ मिलिमीटरची चकती टाकावी लागते. मी ज्या दुकानात काम करून घेतलं तिथे ती चकती टाकायची राहिली. घरी येईपर्यंत कॅसेट हातानं हलत होती आणि प्रत्येक चढावर मागून कटकट आवाज येत होता. दोन दिवस मी गिअरची तार जुळवत बसले, तिसऱ्या दिवशी चाक काढल्यावर खरं कारण कळलं. कुठेही हे काम करून घेतलंत तर दुकानातून निघण्याआधी कॅसेट हातात धरून हलवून बघा.

तोटा एकच, पण खरा आहे. ११-२८ मध्ये सुरुवातीचे कॉग ११, १२, १३, १४, १५ असे एकेका दात्याने वाढतात. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९. म्हणजे १२ आणि १४ गेले. डोंगरात याची आठवणही होत नाही. समुद्राकडच्या एम्पोर्दा प्रदेशाच्या सपाटीवर होते. हिवाळ्यात तिथे त्रामुन्ताना नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, आणि तो समोरून आला की १३ जड पडतो, १५ हलका. गटात जाताना तर पुढच्याच्या मागे नेमकं अंतर राखायला त्या गेलेल्या १४ ची उणीव फार भासते. ज्यांचं बरंचसं सायकलिंग सपाटीवर असेल त्यांनी ११-३२ बघावी.

टायरबद्दल मी आधी साशंक होते. रुंद टायर म्हणजे जड, हे पुण्यात इतक्या वेळा ऐकलं होतं. माझं वजन ६४ किलो, हवा मागे ५६ आणि पुढे ५२ पीएसआय ठेवते. डांबरी रस्त्यावर मला वेगात फरक जाणवला नाही. फरक पडतो तो गावात शिरल्यावर. इथली जुनी गावं दगडात बांधलेली आहेत आणि त्यांच्या गल्ल्याही दगडाच्याच. पेरातल्यादा या नावाचा अर्थच मुळी ‘कोरलेला दगड’. त्या गावाचा खंदक अखंड खडकात खोदलेला आहे. २५ च्या टायरवर अशा गल्लीत मी उतरून चालत होते. आता बसून जाते, हळू, लोकांना वाट देत. बेसालूचा मध्ययुगीन पूल असाच. तो नदी सरळ ओलांडत नाही, मधेच वळतो, कारण खांब नदीतल्या खडकांवर उभे केले आहेत, आणि मध्यावर बुरुजाचं दार आहे. त्याच गावात १९६४ मध्ये यहुद्यांचं मध्ययुगीन स्नानगृह सापडलं. ते बघायला जमिनीखाली उतरावं लागतं, म्हणून कुलूप सोबत ठेवा.

जिरोना ते ओलोत ही जुनी अरुंद रुळांची रेल्वे बंद होऊन तिचा सायकलमार्ग झाला आहे, सुमारे ५४ किलोमीटरचा. बराचसा मार्ग दाबलेल्या मातीचा. ३२ वर तो मजेत होतो, म्हणून परतीला मोठ्या रस्त्यावरची वाहनं टाळता येतात. नऊ महिन्यांत पंक्चर दोन. एक काट्याचं, टायरमधल्या सीलंट नावाच्या द्रवानं आपोआप भरलं. दुसरं माझ्या दुर्लक्षामुळे: मे महिन्यात सीलंट वाळून गेलं होतं आणि मी बघितलं नव्हतं. तेव्हा दर दोन-अडीच महिन्यांनी सीलंट तपासायलाच हवं.

याच मार्गाच्या ओलोतकडच्या टोकाला गारोचा हा ज्वालामुखींचा प्रदेश आहे. चाळीसच्या आसपास विझलेले ज्वालामुखी. तिथलं कास्तेल्फोलित दे ला रोका हे गाव एका काळ्या कड्याच्या अगदी काठावर बसलंय. कडा सुमारे ५० मीटर उंच, दोन्ही बाजूंना नद्या, आणि घरांच्या मागच्या भिंती जणू कड्यातूनच उगवलेल्या. खालच्या पुलावर थांबून मी बराच वेळ वर बघत राहिले. दगडाचे उभे खांब आहेत तिथे, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे. तोच बसाल्ट. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला दोन लाख वर्षांच्या आसपासचा. घरापासून इतक्या लांब, ज्या रंगाच्या दगडावर मी लहानाची मोठी झाले तोच दगड समोर पाहून मला गलबलून आलं. त्या दिवशी सांता पाऊमार्गे परतले. तिथल्या कमानींच्या चौकात स्थानिक पांढऱ्या घेवड्याची उसळीसारखी भाजी मिळते. फेसोल्स म्हणतात त्याला. शाकाहारी माणसानं आधी विचारून घ्यावं, कारण बहुतेक ठिकाणी त्यात डुकराचं सॉसेज असतं.

ब्रेकबद्दल थोडक्यात: रेझिनचे पॅड मागे ३,००० किलोमीटरला संपले, पुढचे अजून आहेत. ओल्यात ओरडतात, थांबवतात मात्र नीट. रोड सायकलिंगचे बूट या गावांसाठी घेऊ नका. त्यांचा प्लॅस्टिकचा क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) घासलेल्या दगडावर घसरतो. डोंगरी सायकलचे, क्लीट तळव्यात बुडालेला असतो ते बूट आणि पेडल घ्या.

रस्त्यावरच्या वागणुकीबद्दल लिहिलं नाही तर हा अनुभव अपुरा राहील. स्पेनच्या कायद्यानुसार सायकलला ओलांडताना गाडीनं किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि २०२२ पासून एका दिशेला एकाहून जास्त मार्गिका असतील तर गाडीनं मार्गिकाच बदलायची. दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. कायदा सगळीकडेच असतो, पण इथे तो पाळला जातो. वळणावर ट्रकवाला माझ्यामागे दोन-दोन मिनिटं थांबलाय, हॉर्न न वाजवता. कात्रजच्या घाटात दर गाडीगणिक खांदे आखडायची सवय जायला मला दोन महिने लागले.

पाण्याचं मात्र बघा. बहुतेक गावांच्या चौकात नळ असतो, पण ‘नो पोताब्ला’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. दुपारी दुकानं बंद असतात आणि रविवारी तर दिवसभर, तेव्हा खाणं खिशात हवं.

भारतातून सायकल घेऊन येणार असाल तर खोक्यात भरण्याआधी मागच्या डिरेल्युअरचा पिंजरा कुठला आहे ते बघून घ्या. आल्यावर पहिल्याच दिवशी रोकाकोर्बाला जाऊ नका, एल्स आंजल्सला जा. शहरातूनच चढ सुरू होतो, दहा-अकरा किलोमीटर, सरासरी चार टक्के. माथ्यावरच्या देवळात १९५८ मध्ये चित्रकार दाली आणि त्याची बायको गाला यांचं धार्मिक लग्न झालं होतं. पलीकडे मद्रेमान्याकडे उतरा, मग मोनेल्सच्या कमानींच्या चौकात कॉफी घ्या आणि पेरातल्यादावरून पाल्सला जा. मे-जूनमध्ये गेलात तर पाल्सच्या टेकडीवरून समुद्राच्या बाजूला पाण्यानं भरलेली भाताची खाचरं दिसतील.