पुण्याच्या पावसासाठी लहान गाडीचे टायर: कुठले घ्यावेत, कुठले टाळावेत

दिवाळी उलटून पहाटे गार वाजायला लागलं की टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "विंटर टायर ठेवता का?" विचारणाऱ्याने परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं, किंवा डिसेंबरात स्वतःच्या गाडीने मनालीला जायचा बेत असतो. विंटर टायरचं रबर तापमान ७ अंशांच्या खाली गेलं तरी मऊ राहावं अशा मिश्रणाचं असतं. कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, ही त्याची खूण. पुण्यात पहाटे पारा ८-१० अंशांवर उतरतो, पण त्याच दिवशी दुपारी २८-३० असतो. त्या तापलेल्या डांबरावर विंटर टायर भराभर झिजतो, वळणावर डुलतो आणि ब्रेक लावल्यावर साध्या टायरपेक्षा लांब जाऊन थांबतो. मनालीच्या एका फेरीसाठी आपल्या मापाची बर्फाची चेन पुरते. आपल्याकडच्या लहान गाड्यांना इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, म्हणून चेन पुढेच लावायची. घरासमोर एकदा लावून-काढून बघायची, वेग ताशी ४० च्या आत ठेवायचा आणि बर्फ संपला की लगेच काढायची. कोरड्या रस्त्यावर चेन टायरही खाते आणि रस्ताही. काही टायरवर नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असतं. ते कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं, बर्फावरच्या चाचणीचा तो पुरावा नाही.

पुणेकराला टायर निवडायचा तो जून ते सप्टेंबर डोळ्यांसमोर ठेवून. शहरात पाऊस बेताचा पडतो. पण पौडहून मुळशीमार्गे ताम्हिणीत शिरलं की वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस असतो, आणि शनिवार-रविवारी निम्मं पुणं तिकडेच निघालेलं असतं. शहरातही पहिल्या सरी सर्वात वाईट. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल, रबराची भुकटी आणि बांधकामांची माती पाण्यात कालवली जाते, आणि दोन-तीन जोरदार पाऊस होऊन रस्ता धुतला जाईपर्यंत तो निसरडाच राहतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार त्या दिवसांत टायरची खरी परीक्षा घेतो.

ओल्या रस्त्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि दोन्हींसाठी टायरमध्ये वेगळ्या गोष्टी लागतात. पाण्याचा पातळ थर असेल तेव्हा पकड रबराच्या मिश्रणातून येते. सिलिका जास्त असलेलं रबर ओल्या डांबराला चांगलं धरतं. पाणी साचलेलं असेल तेव्हा काम नक्षीतल्या खाचांचं. नव्या टायरच्या खाचा साधारण ७-८ मिलिमीटर खोल असतात. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. खाचेच्या तळाशी जे उंचवटे असतात ते याच उंचीचे, आणि ते नेमके कुठे आहेत हे कडेवरचं 'टीडब्ल्यूआय' किंवा छोटा त्रिकोण दाखवतो. पण कायद्याने चालणारा टायर पावसात चालेलच असं नाही. ३ मिलिमीटरच्या खाली खोली गेली की पाणी बाहेर फेकायची ताकद झपाट्याने घटते. आमचं मत स्पष्ट आहे: मे महिन्यात खोली मोजा, ३ च्या खाली असेल तर जूनपूर्वी बदला. टायर गोटा होईपर्यंत थांबून वाचवलेले पैसे एका धडकेत जातात.

हवेचंही तसंच. साचलेल्या पाण्यावर टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागतो हे बरंचसं हवेच्या दाबावर ठरतं. खाचा जवळपास संपलेल्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर हा वेग ताशी ९५ च्या आसपास येतो, २५ पीएसआय असेल तर ८३ वर. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, हा सल्ला पेट्रोल पंपावर सर्रास मिळतो आणि तो उलटा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा धरा आणि सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटर चालायच्या आत हवा तपासा. नायट्रोजनसाठी जादा पैसे देण्याची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

आता प्रत्यक्ष टायर. बाजारात लहान गाड्यांसाठी सर्वात जोरात खपतात ते जास्त किलोमीटर चालणारे: सिएटचा मायलेझ एक्स३, गुडइयरचा अ‍ॅश्युरन्स ड्युराप्लस २, अपोलोचा अमेझर ४जी लाइफ, ब्रिजस्टोनचा स्टर्डो. पहिल्या दोघांच्या जाहिरातीत तर एक लाख किलोमीटरची भाषा आहे. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला हे टायर योग्य. पण जवळपासची नोकरी आणि महिन्यातून एखादी कोकणवारी करणाऱ्या घरगुती गाडीचं गणित वेगळं आहे. जास्त टिकायचं म्हणजे मिश्रण कडक, आणि कडक मिश्रणाची किंमत ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकमध्ये मोजावी लागते. शिवाय वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत एक लाख पूर्ण व्हायला साडेबारा वर्षं लागतील. त्याच्या कितीतरी आधी रबर वाळून कडेला बारीक भेगा पडलेल्या असतील. वापरता येणार नाही असं आयुष्य विकत घेण्यात अर्थ नाही.

घरगुती गाडीसाठी, पुण्यातला पाऊस आणि घाट धरून, आमची पहिली पसंती मिशेलिन एनर्जी एक्सएम२ प्लस. ओल्यावरचा ब्रेक आणि झिजल्यावरही टिकणारी पकड यासाठीच तो बनवलेला आहे, आणि १३ ते १५ इंची लहान गाड्यांच्या मापांत मिळतो. कमतरताही सांगायला हवी: साइडवॉल, म्हणजे टायरची कड, मऊ असते, त्यामुळे गाडी आरामात चालते पण खड्ड्याच्या धारदार काठाला जपावं लागतं. रोज फुटक्या सर्व्हिस रोडवरून किंवा खाणीच्या बाजूने जाणं-येणं असेल तर एमआरएफचा झेडव्हीटीव्ही जास्त सोसतो. तो राठ आहे, कालांतराने काँक्रीटवर आवाजही करतो, पण कडा भक्कम. १५ इंची मापाच्या स्विफ्ट, बलेनो, आय-२० ला आणखी पर्याय आहेत: अपोलो अल्नॅक ४जी, सिएट सिक्युराड्राइव्ह, गुडइयर अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २. यांत ट्रिपलमॅक्स २ ओल्या ब्रेकिंगवर भर देऊन केलेला आहे. योकोहामाचा अर्थ-१ शांत चालतो, शहरातल्या वापराला चांगला. दुकानदाराने टायरवरचे स्टार दाखवले तर इतकं लक्षात ठेवा की ते लेबल इंधनबचतीचं आहे. ओल्या पकडीचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

गाडीसोबत आलेला टायर डोळे मिटून पुन्हा घेऊ नका. कंपनीतून येणारे बरेच टायर गाडीचा इंधनाच्या मायलेजचा आकडा चांगला यावा म्हणून कमी घर्षणाचे निवडलेले असतात.

मापाच्या बाबतीत लहान गाडीवाल्यांना रुंद टायरचा फार मोह असतो. पावसात तो महागात पडतो. तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की टायर पाण्यावर लवकर तरंगतो. १५५/८० आर१३ (रुंदी १५५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची) वरून १७५/७० आर१३ वर जाणं व्यासाच्या हिशेबाने चालतं, कारण ५७८ मिलिमीटरचा व्यास ५७५ होतो आणि फरक अर्धा टक्का. पण रिम किमान साडेचार इंच रुंद हवी. चार इंची रिमवर तो टायर फुगून बसतो आणि वळणावर कडेवर लोळतो. जुन्या-नव्या व्यासात ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर स्पीडोमीटर चुकतो आणि खड्ड्यात टायर चाकावरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला घासतो. १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ यांचा व्यास मात्र जवळपास सारखा, ६२० आणि ६२१. म्हणूनच स्विफ्टच्या वेगवेगळ्या मॉडेलांत ही दोन्ही मापं दिसतात. मापापुढचा आकडाही बघा. ८५ टी म्हणजे टायर ५१५ किलो पेलतो आणि ताशी १९० पर्यंत चालतो, ७९ म्हणजे ४३७ किलो. मूळपेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. पाच माणसं आणि गणपतीला गावी न्यायचं सामान भरल्यावर तो आकडाच कामी येतो.

खरेदीच्या वेळी सर्वात जास्त फसगत होते ती तारखेत. कडेवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३ वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला माल मागा. वर्ष उलटलेला असेल तर सरळ सवलत मागा, दोन वर्षं झालेला परत करा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा रिमवर चढवायच्या आधी चारही टायर फिरवून वाचा. बसवल्यावर आकडे आत गेले की जॅक लावल्याशिवाय दिसत नाहीत. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे म्हणून पुण्यात त्यांचा माल ताजाच असेल, हा समज धरू नका. गोदामात किती दिवस पडला हे कारखान्याच्या अंतरावर ठरत नाही.

किमतीत एक नवी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ४,००० रुपयांचा टायर आधी ५,१२० ला पडायचा, आता ४,७२० ला पडतो. चार टायरमागे सोळाशे रुपये. जुन्या स्टिकरवरच्या किमतीतून "डिस्काउंट" देणारा दुकानदार कराचाच फरक तुम्हाला दाखवत असू शकतो. बिलावर कराचा दर, मॉडेल आणि टायरचा नंबर लिहून घ्या. बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडता येत नाही.

नाना पेठेत भाव करायला वाव असतो, कंपनीच्या शोरूममध्ये यंत्रं नवी असतात. दुकान कुठलंही असो, बसवताना समोर उभं राहा. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक टायरसोबत नवाच घालायला सांगा. काही रुपयांचा भाग, पण जुना राहिला तर महिनाभरात हवा हळूहळू उतरायला लागते आणि टायरला दोष जातो. रिमची कड तारेच्या ब्रशने घासलेली हवी, नाहीतर गंजाच्या फटीतून तीच तक्रार. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेला, आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. उलटा बसला तर खाचा पाणी बाहेर फेकण्याऐवजी मधे ओढतात. बॅलन्सिंगला लोखंडी रिमला ठोकायची वजनं, अलॉयला चिकटवायची. चिकटवायच्या आधी जागा पुसून घेतली नाही तर पहिल्याच पावसात वजन गळतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. नट हवेच्या बंदुकीने (नट आवळायच्या यंत्राने) फक्त टेकवायचे, शेवटचा आवळ हाताच्या पान्याने, आणि तोही समोरासमोरच्या क्रमाने. बंदुकीने शेवटपर्यंत आवळलेला नट ताम्हिणीत पंक्चर झाल्यावर घरच्या पान्याने सुटत नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करणं, टायर बसवल्यावर करायची, आणि तिचा आधीचा-नंतरचा कागद मागायचा. टायरच्या खाचांवरून हात आडवा फिरवला आणि एका दिशेला करवतीसारखं लागलं तर पुढच्या चाकांचा टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला आहे. नुसते नवे टायर घालून ते थांबत नाही. फक्त आतली कड झिजलेली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश तपासून घ्या.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागे घाला. इथे बहुतेक दुकानदार वाद घालतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जायला बघते आणि पाय काढून, वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि कात्रजच्या जुन्या घाटात फिरायला जागा नसते. चारही सारखे झिजावेत म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे करा.

जुने टायर विकणाऱ्यांकडे 'ऐंशी टक्के' (म्हणजे तेवढी नक्षी शिल्लक) म्हणून मिळणारा माल तपासताना खाचेचा तळ बघा. खाचा पुन्हा कोरलेल्या असतील तर तळाचे उंचवटे नाहीसे झालेले असतात किंवा कापल्याची धार दिसते. आतल्या तारांवर मग रबर उरलेलंच नसतं. कडेला लिंबाएवढा फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. तो नवा असला तरी टाकायचा. कडेचं पंक्चरही काढून चालत नाही. मधल्या भागातलं, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखं ठिगळ, ज्याचा दांडा भोकात बसतो) लावून घ्या. बाहेरून खुपसलेली पट्टी दुकानापर्यंत पोचण्यापुरती.

आणि स्टेपनी. तिच्यावरची तारीख वाचा, तिची हवा दर महिन्याला बघा. बऱ्याच गाड्यांत ती गाडी घेतल्यापासून डिकीत तशीच पडलेली सापडते, वीस पीएसआयवर.