सुट्टीत पोरांना व्हीबीएसला (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेला) पाठवायचं की घरीच ठेवायचं?

मे महिना आला की आम्हा आयांमध्ये हाच विषय. व्हीबीएसला गाणी, बायबलच्या गोष्टी, क्राफ्ट असतं आणि आईलाही जरा उसंत मिळते, चांगलंच आहे ते. पण पोरं चार-पाच वर्षांची असतील तर मी घरचीच बाजू घेईन, कारण इथे वेंगुर्ल्याला ओहोटीला किनाऱ्यावर गेलं की इवलेसे खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडत असतात, पोरं तिथून हलतच नाहीत, आणि तिथेच बसून स्तोत्र 104 मधलं अफाट समुद्राचं आणि त्यातल्या अगणित जीवांचं वाचून दाखवलं की त्यांना पटकन कळतं. मग घरी कोकम सरबत, रात्री सगळ्यांनी मिळून प्रार्थना. मोठ्या मुलांना मात्र व्हीबीएसला पाठवाच, त्यांना बरोबरीची सोबत हवी असते.