फिफा ११+ वॉर्म-अप : गावच्या मैदानावर कितपत चालतो?

महिला फुटबॉलच्या प्रशिक्षक सारिना विगमन यांच्या नावावर तीन युरो करंडक (युरोपचं अजिंक्यपद) आहेत: २०१७ चा नेदरलँड्ससोबत, २०२२ आणि २०२५ चे इंग्लंडसोबत. २०२२ ला त्यांनी सहाही सामन्यांत तेच अकरा सुरुवातीला उतरवले. पुढच्याच वर्षी विश्वचषकाला कर्णधार लिया विल्यमसन आणि त्या युरोत सर्वाधिक गोलची ‘गोल्डन बूट’ मिळवणारी बेथ मीड, दोघीही गुडघ्याचं लिगामेंट गेल्यामुळे संघाबाहेर. इंग्लंड तरी अंतिम फेरीत गेलं, कारण मागे खेळाडूंची फळी होती. सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका फेरीला जेमतेम चौदा मुली नेणाऱ्या पीटीच्या सरांकडे ती सोय नसते.

म्हणून फिफा ११+ हा दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्म-अप घ्याच. फुकट आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल छापून आला: गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर. एकूण १५ व्यायाम, २० मिनिटं. आधी ८ मिनिटं हळू धावणं, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं जोरात धावणं. शंकूंच्या सहा जोड्या ५-६ मीटरवर मांडायच्या. शंकू नसले तर चुन्याच्या खुणा करा. विटा ठेवाल तर पाय मुरगळलाच म्हणून समजा.

खरा माल मधल्या दहा मिनिटांत आहे, आणि घोळही तिथेच होतो. उडी मारून खाली येताना मुलीचे गुडघे आत वळतात. ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत, उतरताना गुडघा थोडा वाकलेला हवा. ढगळ सलवार किंवा ट्रॅकपँट असली की सरांना गुडघा दिसतच नाही. हाफपँटला घरून नाही म्हणत असतील तर लेगिंग्ज चालते. समोर उभं राहून बघा, बाजूने कळत नाही.

हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूंच्या) व्यायामात एक मुलगी गुडघ्यांवर, दुसरी मागून तिचे घोटे दाबून धरते. पहिल्या, म्हणजे सर्वात सोप्या पातळीवर ३ ते ५ वेळाच. मुरमावर गुडघे सोलतात, घडी घातलेलं पोतं टाका. प्लँकला (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) २०-३० सेकंदांचे तीन फेरे. त्याआधी कोपराखालचं गोखरू वेचून घ्या, नाहीतर पोरी पाठ वाकवून काटे चुकवतात आणि व्यायाम फुकट जातो.

पातळ्या तीन. तिसरीची घाई बहुतेक ठिकाणी होते, कारण ती दिसायला भारी. पहिली नीट जमेपर्यंत तिथेच थांबा.

उणीव एकच, पण मोठी: आठवड्यातून किमान दोनदा, न चुकता. पावसाळ्यात काळी माती चिकट झाली की हे बंद पडतं, आणि शालेय सामने नेमके तेव्हाच. शाळेच्या व्हरांड्यात मधला भाग आरामात होतो. सामन्याच्या दिवशी मात्र तो गाळून फक्त धावण्याचे दोन भाग घ्या.

पाचपैकी साडेचार.