विंडोज सोडायचंय, पण मॅक घेऊ की लिनक्स मिंट टाकू?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण हाच प्रश्न विचारतायत. हौस म्हणून विंडोज सोडणारे थोडेच, बाकीच्यांना भाग पडतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१६ चा आय५ लॅपटॉप कितीही छान चालत असला तरी मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात बाद. चालतं मशीन भंगारात काढणं मला अजिबात पटत नाही.

असा लॅपटॉप घरात पडून असेल तर आधी मिंटच बघा, विंडोजच्या जागी टाकायची ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. फुकट आहे, मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, विंडोज ७ वापरलेल्याला परकं वाटत नाही, आणि सगळ्यात भारी म्हणजे हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, तर तेव्हाच वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंट निघतेय का हे सगळं तपासून घ्या. एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, नसेल तर ती मात्र टाकाच. लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखंच, पण फुकट) पत्रं, घरचा हिशेब आरामात होतो, पण ऑफिसातून आलेली मॅक्रोवाली (आपोआप कामं करणाऱ्या कमांड भरलेली) एक्सेल शीट हमखास गडबडते.

मॅककडे जाणाऱ्यांचं गणित वेगळं, खिशात आयफोन असतो आणि फोटो, मेसेज आपोआप लॅपटॉपवर यावेत असं वाटतं. २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली, मॅकबुक एअरमधला पंखाच गेला, बॅटरीही दिवसभर पुरायला लागली, हे खरंच कौतुकाचं. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच काय ते ठरवा. आणि विंडोजवरची जुनी एनटीएफएस (विंडोजचा डिस्क फॉरमॅट) हार्डडिस्क मॅकला लावली तर त्यातले फोटो दिसतात, कॉपीही होतात, पण तिच्यावर नवीन काही टाकता येत नाही, इथे बरेच जण गोंधळतात.

मराठी टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड तिन्हीकडे आहे. अडतं ते जुन्या कामावर. पत्रिका, हँडबिलं करणाऱ्यांच्या श्रीलिपीतल्या जुन्या फायली युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी दिसावी अशी अक्षरांची पद्धत) नसतात, तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो, त्यामुळे आधी युनिकोडमध्ये करून घ्या, मगच हला. टॅलीवर पोट असेल तर विंडोजवरच राहा, ते थेट तिथेच चालतं.

आईबाबांसाठी बघत असाल तर चिप-बिप सोडा. ते नाशिकला, तुम्ही बंगळुरूला, आणि रात्री फोन येतो की स्क्रीनवर कायतरी आलंय, तेव्हा समोर मशीन नसताना तुम्हाला कुठल्यावर नीट सांगता येईल, तेच त्यांना द्या.