कुंभथॉन: पट्टी पावलं मोजते, माणसं नाही

नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थासाठी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर (मूळ नाशिककरच) यांच्या पुढाकाराने कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उपाय शोधायचा उपक्रम, झालं. संशोधक, स्थानिक विद्यार्थी, प्रशासन एकत्र, कल्पना उत्तम. त्यातली ‘अशिओतो’ पट्टी आम्हाला सर्वांत कामाची वाटते: वाटेवर अंथरायची, पाऊल पडलं की दाबाची नोंद होते आणि त्यावरून गर्दी मोजायची.

अडचण मोजणीतच. पट्टी रुंद असेल तर एकाची दोन पावलं, रेटारेटीत दोघांचं एकच. म्हणून आधी शंभर माणसं हाताने मोजून पावलं आणि माणसं यांचं प्रमाण बसवावं, गर्दी वाढली की पुन्हा. पर्वण्या (शाही स्नानाचे दिवस) भर पावसाळ्यात, त्यामुळे तारांचे जोड ओलीपासून बंदिस्त हवेत. आणि कितव्या आकड्याला बॅरिकेड लावायचं, हे बंदोबस्तवाल्यांनी आधीच लिहून ठेवावं. नाहीतर आकडा नुसता पडद्यावर दिसत राहतो.