राजारामपुरीतलं प्रिंटिंग-बायंडिंगचं दुकान: आकड्यांचं काम असेल तर इथंच द्या

कोल्हापुरात राजारामपुरीत मेन रोड सोडून आतल्या गल्लीत वळलं की हे झेरॉक्स, कलर प्रिंट, बायंडिंगचं दुकान लागतं, जागा लहान आहे आणि बाहेरून बघून काही वाटणार पण नाही. बहुतेक लोक इथं आधारकार्डाची झेरॉक्स आणि प्रोजेक्टचं स्पायरल एवढ्यासाठीच येतात. माझं काम जरा वेगळं होतं आणि त्यांनी ते इतकं मन लावून केलं की सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. स्थानिक स्वराज्य संस्था म्हटलं की पोरं ७३वी-७४वी घटनादुरुस्ती पाठ म्हणून दाखवतात आणि विषय संपतो. म्हणून यंदा इंग्लंडमधल्या एका बरोच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, निवडणुकांचा इतिहास मोठ्या तक्त्यात करून वर्गात लावायचा ठरवला. गाव निवडलं वॉटफर्ड, लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशायर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा). तेच का, तर माझी मामेबहीण तिथं राहते आणि भारताच्याच पासपोर्टवर तिथल्या कौन्सिलला मत देते! कॉमनवेल्थ देशाचा नागरिक तिथं कायदेशीर राहत असेल आणि मतदार यादीत नाव असेल तर देता येतं, हे सांगितल्यावर शेवटच्या बाकावरची पोरं पण सरसावून बसली.

तर फाइल घेऊन गेले. पहिली अडचण सगळ्यांना येते तीच, मराठी फॉन्ट. दुसरीकडे प्रिंट काढली की जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो. इथं कॉम्प्युटरवर बसणारी ताई आधी पीडीएफ करून स्क्रीनवर मोठं करून दाखवते, आपण बघून हो म्हटल्याशिवाय प्रिंट सोडतच नाही. एवढं तरी सगळीकडे व्हायला पाहिजे खरं तर.

पण मला जे खरं आवडलं ते पुढं. तक्ता २००२ ते २०२४ असा आडवा, वर्षाला एक रकाना. ताईनं बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, २००५ राहिलंय, २००९ पण नाही, २०१३ नाही, २०१७ नाही, फाइल अर्धी आली का?" म्हणजे तिनं वाचलं होतं! मग समजावून सांगितलं, वॉटफर्डमध्ये १२ वॉर्ड, प्रत्येकी ३ म्हणजे ३६ नगरसेवक, पण सगळे एकदम निवडायचे नाहीत, दरवेळी प्रत्येक वॉर्डातला एक, असं तीन वर्षं चालतं आणि चौथ्या वर्षी बरोची निवडणूकच नाही, त्या वर्षी काउंटी कौन्सिलची असते. ते मालक पण ऐकत होते, झेरॉक्स मशीन चालू ठेवूनच म्हणाले, "म्हणजे मे महिना आला की गुलाल?" जवळपास तसंच, मे महिन्यातला गुरुवार, सकाळी ७ ते रात्री १०.

ताईचा पुढचा प्रश्न तर माझ्या वर्गात पण कुणी विचारला नव्हता. मग २०२१ ला रकाना कसा, ते तर काउंटीचं वर्ष? बरोबर पकडलं तिनं. २०२० ची निवडणूक कोरोनामुळं वर्षभर पुढं गेली आणि २०२१ च्या मे महिन्यात दोन्ही एकत्र झाल्या. तिनंच मग सुचवलं की रिकाम्या वर्षांचे रकाने काढून टाकू नका, करडे ठेवा आणि आत 'काउंटी' लिहा, २०२० ला 'पुढे ढकलली', म्हणजे बघणाऱ्याला छपाईची चूक वाटणार नाही. २०१६ चा रकाना पण तिनं जाड रेघेनं वेगळा केला, कारण त्या वर्षी वॉर्डांच्या हद्दी बदलल्यामुळं सगळ्या ३६ जागा एकदम लढवल्या गेल्या. आता तो तक्ता लांबून बघितला तरी कळतोय.

रंगाचं पण सांगते. लेबर लाल, कॉन्झर्व्हेटिव्ह निळा, लिबरल डेमोक्रॅट पिवळा असे तिथल्या पक्षांचे ठरलेले रंग आहेत. मी आकडेच त्या त्या रंगात टाकले होते. पांढऱ्या कागदावर पिवळा आकडा वाचता येत नाही, आणि २००३ पासून वॉटफर्डमध्ये बहुमत लिबरल डेमोक्रॅट्सचंच, म्हणजे अर्ध्याहून जास्त तक्ता दिसलाच नसता. मालकांनी टेस्ट प्रिंट काढून दाखवली आणि पट्टी पिवळी, आकडा काळा असं करून दिलं, टेस्टचे पैसे घेतले नाहीत.

खाली मेयरची वेगळी ओळ आहे. २००१ ला तिथं सार्वमत घेऊन लोकांनीच थेट मेयर निवडायचं ठरवलं, २००२ ला डोरोथी थॉर्नहिल निवडून आल्या आणि सलग चार वेळा, २०१८ पर्यंत त्याच होत्या, मग पीटर टेलर. १६ वर्षं एकच मेयर म्हटल्यावर मालक थांबलेच! आपण कोल्हापूरकरांनी महापौरपदाची खांडोळी बघितलेली, कोण महापौर झालं ते लक्षात राहायच्या आत दुसरा यायचा. आणि आपल्याकडे २०१५ ला महापालिकेची निवडणूक झाली ती एकदम २०२६ च्या जानेवारीत, त्यातली शेवटची पाच वर्षं प्रशासक. दुकानात तेव्हा उभी असलेली गिऱ्हाइकं पण यावर बोलायला लागली, एक काका म्हणाले गटारीचं सांगायला जायचं कुणाकडं हेच कळत नव्हतं त्या काळात. मला वाटतं हा तक्ता वर्गात नेण्याआधीच त्याचं काम सुरू झालं होतं.

तिथली पद्धत फार भारी आणि आपली वाईट असं मला म्हणायचं नाही. दरवर्षी निवडणूक म्हणजे दरवर्षी खर्च, आणि वॉर्डातली एकच जागा असल्यानं लोकांचं मत फिरलं तरी सत्ता हळूहळूच बदलते. पण तारीख ठरलेली असते, हे मोठं आहे.

बाकी माहिती. लांब तक्ता मॅट कागदावर घ्या, लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइटची चमक येते आणि मागच्या बाकावरून वाचता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं, खरं तर लॅमिनेशनमध्ये त्यांना जास्त पैसे मिळाले असते. तक्त्याबरोबर पुस्तिका पण केली, तिचं बायंडिंग शिवून घेतलंय, पानं सुटत नाहीत. रेट बाजारातल्यापेक्षा थोडा जास्त आहे, पण प्रूफ बघायला मिळतं त्यात सगळं आलं. यूपीआय चालतं.

कमी वाटलं ते म्हणजे बसायला जागा नाही आणि गाडी लावायची पंचाईत. जून-जुलैत अ‍ॅडमिशनच्या गर्दीत असलं काम घेऊन जाऊ नका, त्यांना वेळ देता येत नाही आणि ते तसं तोंडावर सांगतात. दुपारी गेलात तर निवांत बोलता येतं. पीडीएफबरोबर मूळ फाइल पण पेनड्राइव्हवर न्या, म्हणजे दुरुस्ती तिथंच होते.

पुढचं काम त्यांच्याकडेच देतेय, आपल्या महापालिकेचा तक्ता, १९७८ च्या पहिल्या निवडणुकीपासूनचा. ताईनं आत्ताच विचारून ठेवलंय, आघाड्यांना रंग कुठले द्यायचे.